हवानाचे सोवळे

क्युबाच्या तंबाखूला परक्या देशाच्या पानाचा स्पर्श होऊ देऊ नये, या नियमाला सिगारच्या शौकिनांत जवळजवळ धर्मशास्त्राचा मान आहे. निकाराग्वाचे पान होंडुरासच्या पानाशी मिसळले तर कोणी हरकत घेत नाही. एक्वादोरचे बाहेरचे पान, मेक्सिकोची बांधणी आणि आत तीन देशांचा भरणा अशा सिगारची जाणकार तोंड भरून स्तुती करतात. क्युबाचे नाव निघाले, की मात्र हीच माणसे सोवळे नेसतात. हवाना एकटीच जळली पाहिजे. तिच्यात दुसरे काही घातले की ती भेसळ, असा एकूण सूर.

हे मत मांडणारे लोक अडाणी नाहीत, म्हणून त्यांचा पक्ष आधी नीट मांडला पाहिजे. पिनार देल रिओ प्रांतात व्हुएल्ता आबाहो नावाचा पट्टा आहे. सान लुइस आणि सान हुआन इ मार्तिनेस ही त्यातली नामांकित गावे. तांबूस, रेताड, पाण्याचा चटकन निचरा करणारी जमीन आणि हिवाळ्याचे कोरडे, सौम्य हवामान यांतून तिथे जे पान येते, ते तेच बी दुसरीकडे लावून येत नाही. क्रांतीनंतर देश सोडून गेलेल्या क्युबन शेतकऱ्यांनी डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा इथे तेच वाण लावले. उत्कृष्ट तंबाखू पिकला, पण तो वेगळा झाला. मग जे पान जगात एकाच ठिकाणी येते, त्याचा सुगंध परक्या पानाखाली दाबायचा कशाला? शिवाय मिश्रण हा व्यापाऱ्यांचा जुना आडोसा आहे: हलका माल खपवायचा तर चिमूटभर हवाना घालावी आणि खोक्यावर तिचे नाव मोठ्या अक्षरात छापावे. आणि शेवटी, क्युबाचा कायदाच सांगतो की ‘हाबानो’ म्हणायचे तर पान क्युबाचे हवे आणि सिगार क्युबातच वळलेला हवा.

जमिनीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, फसवणुकीचाही मान्य आहे. पण त्यांतून निघतो तो निष्कर्ष एवढाच, की क्युबाचे पान अद्वितीय आहे आणि त्याच्या नावावर लबाडी करू नये. ते कोणाच्या पंक्तीला बसू शकत नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. अद्वितीय असणे आणि एकटे असणे या दोन गोष्टींची सरमिसळ इथे झाली आहे, आणि या पंथाचे सगळे बळ त्या सरमिसळीत आहे.

पुरावा पाहायचा तर जुन्या व्यापारापासून सुरुवात करावी लागते. क्युबाचे पान परक्या पानाशी मिसळणे ही आधुनिक कल्पना आहे आणि शुद्ध हवाना ही जुनी रीत, असे बहुतेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६२ पर्यंत क्युबाच्या पानाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका होते, आणि तिथे क्युबात वळलेला सिगार जाई त्याहून कितीतरी अधिक मोकळे पान जाई. त्याला कारण जकात: तयार सिगारवर ती जबर, पानावर त्या मानाने कमी. त्या पानाचे काय होत असे? अमेरिकी व्यापारात ‘सीड अँड हवाना’ नावाचा मालाचा एक प्रतिष्ठित प्रकारच होता. आत हवानाचा भरणा, बाहेर कनेटिकट नाहीतर पेन्सिल्व्हेनिया वगैरे ठिकाणचे देशी पान. मध्यम वर्गाचा रोजचा चांगला सिगार म्हणजे हाच. यात चोरी नव्हती. दुकानदार तो याच नावाने विकत आणि ओढणारे याच नावाने मागत.

निव्वळ क्युबन पानाचे सिगारही अमेरिकेत वळले जात. त्यांना ‘क्लिअर हवाना’ म्हणत. विसेन्ते मार्तिनेस इबोर यांनी १८८५ मध्ये फ्लोरिडातल्या टँपाजवळ जमीन घेऊन कारखान्यांचे गावच वसवले, त्याचा मुख्य माल हा. पण यातही आजच्या सोवळ्यांना अडचण आहेच. पान शंभर टक्के क्युबाचे, वळणारे हात बहुतांशी क्युबनांचे आणि स्पॅनिशांचे, पण जागा फ्लोरिडा. आजच्या व्याख्येने तो हाबानो नाही. तेव्हाच्या गिऱ्हाइकाला तो उत्तम हवाना वाटे. म्हणजे शुद्धतेची सीमारेषा कुठे आखायची हे काळानुसार, आणि खरे सांगायचे तर जकातीनुसार, सरकत आलेले आहे. टँपाच्या या कामगारांची आणखी एक आठवण सांगण्यासारखी आहे. ते आपल्या मजुरीतून क्युबाच्या स्वातंत्र्ययुद्धाला पैसे पाठवत. १८९६ मध्ये स्पॅनिश सेनापती वेलर यांनी पान बेटाबाहेर नेण्यावर बंदी घातली, त्यामागे या कारखान्यांची रसद तोडण्याचा हिशेब होता. ‘क्युबाचे पान क्युबातच राहावे’ हा हुकूम काढणारा माणूस क्युबाच्या स्वातंत्र्याचा शत्रू होता, हे आजच्या अभिमान्यांनी एकदा ध्यानात घ्यावे.

युरोपात तर मिश्रण ही कलाच मानली गेली. १८६३ मध्ये याकोबस निनहाउस हा डच माणूस सुमात्राच्या देली भागात उतरला आणि तिथे तंबाखूचे मळे उभे राहिले. (ते मळे ज्या बंधक मजुरांच्या पाठीवर उभे राहिले त्यांची कथा भयंकर आहे आणि वेगळ्या लेखाची आहे.) देलीचे पान कागदासारखे पातळ, लवचीक, बारीक शिरांचे. थोड्या वजनात ते पुष्कळ सिगार झाकते आणि चवीला सौम्य असते. आम्स्टरडॅमच्या फ्रास्काटी लिलावघरात ते विकले जाई. इंडोनेशियाने डच कंपन्या ताब्यात घेतल्यावर १९५९ पासून तो बाजार जर्मनीतल्या ब्रेमेनला गेला. बाहेर सुमात्रा, बांधणीला जावा, आत ब्राझीलमधल्या बाहियाचे गडद पान आणि सुगंधाला हवाना, ही डच-जर्मन परंपरेची ओळखीची घडण आहे. या घडणीत हवाना सुगंध देणारी म्हणूनच आणलेली असे. तिच्यावर सुमात्राचे पान चढवत, कारण ते मध्ये बोलत नाही. पानाचा सुगंध दाबला जातो म्हणणाऱ्यांनी ही जुनी समजूत पाहिलेली नसते. जोडीदार कसा निवडायचा, हाच तर मिश्रण करणाऱ्याचा धंदा.

आता खुद्द बेटावर येऊ. तिथे तरी सोवळे अखंड होते का? पोर्तो रिको आणि क्युबा १८९८ पर्यंत दोन्ही स्पेनच्या ताब्यात होते, आणि त्या शतकाच्या अखेरीस पोर्तो रिकोच्या पानाचे एक मोठे गिऱ्हाईक क्युबा होते. उत्तम तंबाखू स्वतः पिकवणाऱ्या बेटाने शेजारच्या बेटाचे पान कशासाठी विकत घेतले असेल, हे फोडून सांगायला नको. पुढे दोन्ही बेटे वेगवेगळ्या जकातीखाली गेली आणि तो व्यापार आटला. म्हणजे इथेही परके पान बाहेर काढण्याचे काम रसनेने केले नाही. ते सीमाशुल्काने केले.

याहून महत्त्वाचे हे, की आज ज्याला निर्भेळ क्युबन म्हणतात तो सिगारही मिश्रणच असतो. त्याचे तीन भाग: बाहेरची कापा, तिच्या आतली बांधणी म्हणजे कापोते, आणि मधला भरणा म्हणजे त्रिपा. भरण्यात पुन्हा तीन प्रकारची पाने. झाडाच्या तळाकडचे व्होलादो चटकन पेटते पण चवीला फिके, मधले सेको सुगंधी, आणि वरच्या उन्हात तावलेले लिहेरो जाड, तेलकट, जोरकस आणि मंद जळणारे. नुसत्या लिहेरोचा सिगार करून पाहा. तो दर दोन मिनिटांनी विझेल. नुसत्या व्होलादोचा भरभर जळून जाईल आणि तोंडात काही राहणार नाही. म्हणून मिश्रणाचा पहिला प्रश्न चवीचा नसतो, जळण्याचा असतो. कोणत्या पानात पोटॅश किती, क्लोराइड किती, पान किती जाड, यावर राख कशी धरेल आणि धग कशी चालेल हे ठरते. क्लोराइड जास्त असलेले पान धुमसत राहते, मग ते कितीही कुलीन शेतातले असो.

ही पाने एका वयाचीही नसतात. व्होलादो किमान नऊ महिने मुरवतात, सेको वर्ष-दीड वर्ष, लिहेरो दोन वर्षांच्या पुढे. ती एका शेतातलीही नसतात. कारखान्याचा मिश्रणकार वेगवेगळ्या शेतांतल्या, वेगवेगळ्या हंगामांतल्या गाठी उघडून त्या वर्षीचे प्रमाण ठरवतो, कारण एकाच नावाचा सिगार दर वर्षी त्याच चवीचा लागला पाहिजे आणि शेत दर वर्षी तेच पान देत नाही. बाहेरचे पान तर नेहमी व्हुएल्ता आबाहोचेच असते असे नाही. ते हवाना शहराच्या नैर्ऋत्येकडच्या पार्तिदो भागातूनही येते. दोन भागांची जमीन वेगळी, पानाचा वापर वेगळा. पार्तिदोचे पान व्हुएल्ता आबाहोच्या भरण्यावर चढले तर ती परंपरा, आणि एक्वादोरचे चढले तर बाटवाबाटवी? दोन्हींत पानाच्या दृष्टीने तत्त्वाचा फरक काय, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. फरक नकाशावरच्या रेषेचा आहे, आणि पानाला नकाशा वाचता येत नाही.

आपल्याकडे विडीसाठी निपाणीचा तंबाखू आणि गुजरातेतल्या चरोतरचा तंबाखू एकत्र करतात. एकाचा कडकपणा आणि दुसऱ्याचा स्वाद. त्यावर कोणी शास्त्रार्थ केल्याचे ऐकिवात नाही. विडी स्वस्त म्हणून तिला कुळगोत्र विचारायचे नाही आणि सिगार महाग म्हणून विचारायचे, असा हा व्यवहार दिसतो.

रक्ताच्या शुद्धतेचा मुद्दा राहिला. क्युबाचे कोरोहो वाण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सान लुइसजवळच्या एल कोरोहो मळ्यावर निवडून घडवले गेले आणि अनेक दशके जगातले सर्वोत्तम बाहेरचे पान त्यानेच दिले. पण त्याला निळ्या बुरशीशी लढता येईना. १९८० च्या हंगामात या बुरशीने क्युबाचे बहुतेक पीक फस्त केले. त्यानंतर संशोधकांनी रोगाला तोंड देणारी संकरित वाणे आणली. नव्वदच्या दशकात गाजलेल्या हवाना २००० च्या वंशावळीत बुरशी सोसणारे एक अमेरिकन सिगारेट-तंबाखूचे वाण आहे. ज्यांना भरण्यात परके पान चालत नाही, त्यांना बियाण्यात अमेरिकन सिगारेटचे रक्त कसे चालले? उत्तर सोपे आहे: बियाणे दिसत नाही.

आणि बाहेरच्या पानासाठी शेतावर पांढरे कापड ताणून सावली करण्याची पद्धत, तापादो, जी आज क्युबाच्या प्रत्येक पर्यटन-छायाचित्रात दिसते? तिची हकिकत फार मनोरंजक आहे. देलीच्या पातळ पानाने अमेरिकी बाजारात कनेटिकटच्या शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले, तेव्हा १८९० च्या मॅकिन्ले जकातीने बाहेरच्या पानावर पौंडामागे तब्बल दोन डॉलर लावले. तरी देलीचे पान येतच राहिले. मग अमेरिकन लोकांनी फ्लोरिडात आणि पुढे १९०० च्या सुमारास कनेटिकटच्या खोऱ्यात सुमात्राचेच बी कापडाच्या सावलीत लावून पाहिले. ते जमले. क्युबात तापादो आले ते याच काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी. सुमात्राशी स्पर्धा करता करता जी युक्ती सुचली, तिच्या सावलीत आज हवानाची सर्वांत नाजूक पाने वाढतात. मला यात क्युबाची मुळीच मानहानी दिसत नाही. कारागिरी अशीच फिरते. क्युबन विद्वान फेर्नांदो ओर्तिस यांनी १९४० मध्ये तंबाखू आणि साखर यांची जी प्रसिद्ध तुलना लिहिली, ती शुद्धतावादी फार आवडीने पुढे करतात, कारण तिच्यात तंबाखू हा बेटाचा देशी पुत्र आणि साखर ही बाहेरून आलेली. पण त्याच ग्रंथात ओर्तिस यांनी क्युबाची संस्कृती अनेक संस्कृतींच्या देवाणघेवाणीतून घडल्याचा सिद्धांत मांडला आहे. अर्धे पुस्तक वाचून पक्ष मांडणे ही सोय सर्वच धर्मांत असते.

मग हे सोवळे आले कुठून? माझे उत्तर असे: ते टंचाईतून आले आणि टंचाईला नंतर तत्त्वज्ञान चिकटवले गेले. १९६० मध्ये क्युबाने सिगारचे कारखाने सरकारजमा केले. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्युबावर व्यापारबंदी लादली. तिच्यावर सही करण्याआधी त्यांनी आपले वृत्तसचिव पिएर सॅलिंजर यांना स्वतःसाठी क्युबन सिगार गोळा करायला पाठवले आणि त्यांनी बाराशे आणले, ही हकिकत स्वतः सॅलिंजर यांनी सांगितलेली आहे. बंदीनंतर क्युबाचे नवे पान, किंवा ते घातलेला सिगार, अमेरिकेत आणणे बेकायदा झाले. कारखान्यांनी जुना साठा पुरवून पुरवून वापरला आणि मग तो संपला. डॉमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, होंडुरास इथल्या कारखान्यांचे मुख्य गिऱ्हाईक अमेरिका, म्हणून त्यांनाही क्युबाचे पान वर्ज्य. दुसऱ्या बाजूला क्युबाच्या सरकारला मोकळे पान विकण्यापेक्षा तयार सिगार विकण्यात कितीतरी जास्त परकीय चलन मिळते, म्हणून उत्तम पान बाहेर देण्यात त्याला रस नाही. अशा रीतीने दोन वैरी सरकारांनी मिळून क्युबाचे पान एकटे पाडले. साठ वर्षांनी आपण त्या एकटेपणाकडे पाहतो आणि म्हणतो, पाहा, हे पान कोणाशी मिसळतच नाही!

ज्यांनी देश सोडला त्यांनीही या कल्पनेला हातभार लावला. आपला सिगार हवानाच्या तोडीचा आहे हे पटवायचे, तर हवानाचीच कसोटी लावावी लागते. म्हणून एकाच देशाच्या पानाचा सिगार ही निकाराग्वा आणि डॉमिनिकन कारखानदारांचीही अभिमानाची गोष्ट झाली. त्यांतले काही सिगार अप्रतिम आहेत. पण मिश्र पानाचेही अप्रतिम आहेत. दाविदोफ या स्विस नावाने क्युबातले उत्पादन थांबवून नव्वदच्या आरंभी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बस्तान हलवले आणि तिथे निरनिराळ्या बियाण्यांची व प्रदेशांची पाने जुळवून आपली सौम्य चव उभी केली. हवानाहून ते चांगले की वाईट, हा वाद हवा त्याने घालावा. पण त्याला भेसळ म्हणायला कोणी धजावत नाही.

विरुद्ध बाजूचा एकच मुद्दा मला खरोखर अडवतो, आणि तो सुगंधाच्या नाजूकपणाचा. निकाराग्वाच्या एस्तेली खोऱ्यातले ज्वालामुखीच्या मातीतले लिहेरो अतिशय दणकट असते. व्हुएल्ता आबाहोच्या सेकोबरोबर ते अर्ध्यावर घातले, तर सेको कुठे गेले हे शोधावे लागेल, यात शंका नाही. पण हा आक्षेप त्या जोडीवर आणि त्या प्रमाणावर आहे. उद्या कोणी क्युबाच्याच भरण्यात क्युबाचेच लिहेरो निम्मे घातले, तरी सेको तितकेच बुडेल. वाईट मिश्रणाचा दोष मिश्रणकाराच्या माथी मारावा. देशांच्या सीमांना त्यात साक्षीदार म्हणून उभे करू नये.

फसवणुकीचा मुद्दा मी पूर्ण सोडून देतो, म्हणजे मान्य करतो. हवानाचे नाव लावून विकलेल्या कचऱ्याचा इतिहास लांबलचक आहे. १८८९ पासून क्युबाचे कारखानदार खोक्यांवर हमीची मोहोर लावत आले आणि १९१२ मध्ये त्याचा कायदा झाला, तो उगीच नव्हे. ‘हाबानो’ हे नाव क्युबातच वळलेल्या, निव्वळ क्युबन पानाच्या सिगारला राखून ठेवावे, यावर माझे काही म्हणणे नाही. नावाचा मालक नाव राखील. पण नावाचा कायदा म्हणजे चवीचा सिद्धांत नव्हे. मिश्र सिगारला वेगळे नाव द्यावे, कोणत्या देशाचे पान किती आहे ते खोक्यावर छापावे, आणि मग ओढणाऱ्याला ठरवू द्यावे.

तसे झाल्यास पहिला फायदा कदाचित पिनार देल रिओच्या शेतकऱ्याचाच होईल. तंबाखूच्या शेतीत भरण्याच्या पानापेक्षा बाहेरचे पान मिळवणे फार कठीण. त्यावर एक डाग, एक भोक, एक जाड शीर चालत नाही, आणि क्युबाला अलीकडे त्याचीच वारंवार चणचण भासते. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान चक्रीवादळाने त्या प्रांतातली पान वाळवायची हजारो घरे जमीनदोस्त केली. भरणा उत्तम असूनही वरच्या पानावाचून सिगार अडावा, ही अडचण एक्वादोरचे किंवा कनेटिकटचे पान सहज दूर करू शकते. ‘सीड अँड हवाना’च्या दिवसांत नेमके हेच होत असे. क्युबाबाहेरचे अनेक नामवंत कारखानदार, ज्यांतले कित्येक क्युबनांचीच मुले-नातवंडे आहेत, उघड म्हणत आले आहेत की बंदी उठली तर आपण हे पान मिश्रणात घेऊन पाहू. त्यांना अडवणारी गोष्ट अमेरिकेच्या कायद्यात आहे, आणि ती उठली की पुढची हवानातल्या सरकारी वखारीच्या दारात.